सर्व्हर कार्यालयात ठेवावा की क्लाउडवर न्यावा : लघुउद्योगांसाठी निर्णयाची पद्धत

कार्यालयातला सर्व्हर जुना झाला, त्याची वॉरंटी संपली, किंवा त्यावरच्या विंडोजला कंपनीकडून मिळणारी सुरक्षा अद्यतने बंद होण्याची तारीख जवळ आली, की लघुउद्योजकाच्या टेबलावर दोन कोटेशने येऊन पडतात. एक नव्या सर्व्हरचे असते आणि दुसरे क्लाउडचे, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या, भाड्याने घेतलेल्या दूरच्या सर्व्हरचे. विंडोज सर्व्हर २०१२ साठीचा नियमित आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला आणि २०१६ च्या आवृत्तीसाठी तो १२ जानेवारी २०२७ रोजी संपतो, त्यामुळे हा प्रश्न सध्या अनेकांपुढे एकाच वेळी उभा आहे. अडचण अशी की ही दोन कोटेशने शेजारी ठेवून तुलना करण्याजोगी नसतात. पहिल्यात एकरकमी किंमत असते, पण वीज, बॅटऱ्या आणि देखभाल करणारा माणूस नसतो. दुसऱ्यात मासिक भाडे असते, पण वाढत जाणारा साठा, परवाने आणि दुसरी इंटरनेट जोडणी नसते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दोन्ही विक्रेते असे गृहीत धरतात की सगळे कार्यालय एकाच बाजूला जाणार आहे. प्रत्यक्षात हा निर्णय कार्यालयाचा नसून एकेका कामाचा असतो, आणि तो तसाच घेतला तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिश्र येते.

पुढील विवेचनासाठी एक नमुना डोळ्यांसमोर ठेवू. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा, प्रायव्हेट लिमिटेड म्हणून नोंदलेला एक कारखाना आहे. चौदा संगणक, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा अनेकांनी वापरायचा परवाना, ग्राहकांकडून आलेली आणि स्वतः केलेली ड्रॉइंग, ईमेल, बोटाच्या ठशांची हजेरी आणि आठ कॅमेरे, एवढा त्याचा पसारा आहे. पूर्णवेळ संगणक कर्मचारी नाही. महिन्याच्या बोलीवर येणारा एक तंत्रज्ञ आहे. महाराष्ट्रातल्या बऱ्याच लहान कारखान्यांची स्थिती थोड्याफार फरकाने अशीच असते.

पायरी १ : यंत्रांची नव्हे, कामांची यादी करा

विक्रेता पहिला प्रश्न विचारतो तो “किती जीबी रॅम हवी” हा. तो बाजूला ठेवावा आणि एका कागदावर कामे लिहावीत : हिशेब, बिले व ई-वे बिल, ड्रॉइंग, ईमेल, पगार, हजेरी, कॅमेरे, गुणवत्ता तपासणीचे अहवाल. प्रत्येक कामापुढे ते कोण करतो, कुठून करतो, त्याचा डेटा आज किती आहे, गेल्या वर्षभरात तो किती वाढला आणि ते कोणत्या दुसऱ्या वस्तूशी बांधलेले आहे, हे नोंदवावे.

या शेवटच्या रकान्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि स्थलांतरानंतरच्या तक्रारी मुख्यतः तिथूनच येतात. उदाहरणार्थ, जीएसटी किंवा कंपनी कायद्याची विवरणपत्रे भरण्यासाठी लागणारे डिजिटल सहीचे टोकन हे यूएसबीला लावायचे असते. सॉफ्टवेअर दूरच्या सर्व्हरवर आणि टोकन टेबलावर असे झाले की सही उमटेनाशी होते. गेटवरचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, ज्यावर तीन प्रतींचे चलन छापले जाते, तोही रिमोट डेस्कटॉपवरून (म्हणजे दूरच्या सर्व्हरचा पडदा आपल्या संगणकावर उघडून) छापताना समास सोडतो किंवा अर्ध्या पानावर थांबतो. हे प्रश्न सुटतात, पण ते आधी माहीत असावे लागतात. यादी करताना आणखी एक गोष्ट हमखास उघडकीस येते : पगाराची एक्सेल फाइल सर्व्हरवर नसून एकाच व्यक्तीच्या लॅपटॉपवर असते आणि तिचा बॅकअप कोणीच घेत नसतो.

पायरी २ : किती तास बंद चालेल आणि किती वेळचे काम गेले तर चालेल

प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहावेत. पहिला, ते बंद पडल्यावर धंद्याचे खरे नुकसान किती तासांनी सुरू होते. दुसरा, शेवटच्या बॅकअपनंतर केलेले किती वेळचे काम पुन्हा करणे परवडेल. हे आकडे मालकाने एकट्याने ठरवू नयेत; लेखापाल, डिस्पॅच पाहणारा आणि डिझाइन विभागातला माणूस यांना विचारून लिहावेत, कारण मालकाचे उत्तर नेहमीच “एक मिनिटही नाही” असे असते आणि त्या उत्तराची किंमत कोणालाच परवडत नाही.

आपल्या नमुन्यात उत्तरे साधारण अशी येतील. बिल निघाले नाही तर गाडी गेटवर उभी राहते, म्हणून तिथे दोन तास. हिशेबाच्या नोंदी एक दिवस थांबू शकतात, मात्र विवरणपत्राच्या आठवड्यात नाही. ड्रॉइंग चार तास. हजेरीचे यंत्र नोंदी स्वतःच्या पोटात साठवून ठेवते, त्यामुळे तिथे दोन दिवसही चालतील. कॅमेऱ्यांचे चित्रण गेले तर सहसा काही बिघडत नाही, पण चोरी झाली त्या दिवशी बिघडते.

क्लाउड कंपन्यांची उपलब्धतेची हमीही याच आकड्यांशी ताडून पाहावी. ९९.५ टक्के हमी म्हणजे वर्षाला जवळपास ४४ तास बंद राहण्याची मुभा, ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास आणि ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटे. मोठ्या आकड्याची हमी बहुधा दोन वेगळ्या ठिकाणी सर्व्हर चालवला तरच लागू होते. एकट्या सर्व्हरला ती मिळत नाही. हमी मोडली तर भरपाई म्हणून पुढच्या बिलात सूट मिळते, बुडालेल्या ऑर्डरचे पैसे मिळत नाहीत.

पायरी ३ : वीज, इंटरनेट आणि जागा यांची तपासणी

पुणे परिसरात महावितरणची देखभालीची कामे बहुधा गुरुवारी होतात आणि त्या दिवशी काही तास वीज नसते. सर्व्हरला लावलेला यूपीएस यासाठी नसतो. तो अर्धा-पाऊण तास टिकून सर्व्हर व्यवस्थित बंद करण्यापुरता असतो. जनरेटर नसेल तर गुरुवारी कार्यालयातला सर्व्हर बंदच राहणार, हे मान्य करूनच आकडे मांडावेत. कारखान्याला त्या दिवशी सुट्टी असेल तर प्रश्न मिटला असे वाटते, पण लेखापालाला घरून काम करायचे असेल तर तो मिटत नाही. यूपीएसच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या साधारण तीन वर्षांत थकतात आणि त्या थकल्याचे बहुतेकांना पहिल्या मोठ्या खंडाच्या वेळीच कळते.

इंटरनेटबद्दल बोलताना लोक फक्त डाउनलोडचा वेग सांगतात. क्लाउडसाठी अपलोडचा वेग आणि जोडणीचा सलगपणा महत्त्वाचा असतो. २०० जीबी डेटा २० एमबीपीएसच्या अपलोडने वर चढवायला, वेग एकदाही कमी झाला नाही तरी, बावीस तासांहून अधिक लागतात. म्हणजे पहिला बॅकअप शनिवारी संध्याकाळी लावला तर तो रविवारी रात्री संपेल. दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या तरी दोघांच्या तारा एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येत नाहीत ना, हे स्वतः बाहेर जाऊन पाहावे. रस्ता खोदणाऱ्या जेसीबीला दोन कंपन्यांतला फरक कळत नाही. एक तारेची जोडणी आणि एक सिमकार्डवर चालणारी, आणि दोन्ही आपोआप बदलणारा राउटर, ही लहान कारखान्यासाठी पुरेशी व्यवस्था आहे.

“आमचे सगळे इथेच आहे, इंटरनेट गेले तरी काम चालते” हे विधान आता अर्धेच खरे राहिले आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक असलेल्या व्यवसायांना दुसऱ्या नोंदणीकृत व्यवसायाला दिलेल्या बिलासाठी ई-इनव्हॉइस सक्तीचे आहे, आणि त्याचा क्रमांक सरकारी पोर्टलवरूनच मिळतो. म्हणजे सर्व्हर शेजारच्या खोलीत असला तरी इंटरनेटशिवाय त्या कारखान्याचे बिल पुरे होत नाही. दुसरी इंटरनेट जोडणी त्यामुळे दोन्ही पर्यायांत धरावी लागते. ती फक्त क्लाउडच्या खर्चात टाकणे हा हिशेबातला अन्याय आहे.

जागेची तपासणी लवकर होते, पण ती करावी. बीडाचे (ओतीव लोखंडाचे) भाग तासले जातात तिथे हवेत काळी भुकटी असते आणि सीएनसी यंत्रांजवळ कूलंटची तेलकट वाफ असते. ही दोन्ही मिळून सर्व्हरच्या पंख्यावर आणि मदरबोर्डवर चिकट थर बसवतात, आणि बीडाची भुकटी वीजवाहक असते. शॉपफ्लोअरच्या मजल्यावर, जिन्याखाली, प्लायवूडच्या कपाटात बंद केलेला सर्व्हर पाच वर्षे टिकेल असे कोणत्याही कोटेशनमध्ये लिहिलेले नसते. नदीकाठच्या गावांत मजल्याचाही विचार करावा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये तळमजल्यांत पाणी शिरले, तेव्हा तिथली यंत्रेही पाण्यात गेली.

पायरी ४ : एकेका कामाचा निकाल लावा

ईमेलबद्दल फार विचार करू नये. स्वतःच्या सर्व्हरवर ईमेल चालवण्याचे दिवस लहान व्यवसायांसाठी संपले आहेत. साध्या ब्रॉडबँडच्या पत्त्यावरून गेलेली पत्रे समोरच्याकडे स्पॅममध्ये पडतात, आणि फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या नोंदींबाबतचे नियम आणखी कडक केले आहेत. डोमेन स्वतःच्या नावावर ठेवावे आणि ईमेल तयार सेवा म्हणून माणशी भाड्याने घ्यावे.

कॅमेऱ्यांचे उत्तरही सोपे आहे, पण उलट्या बाजूने. एका कॅमेऱ्याचे चित्रण २ एमबीपीएस धरले तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी होते आणि आठ कॅमेऱ्यांचे जवळपास १७३ जीबी. एवढे सतत वर पाठवण्यात अर्थ नाही. रेकॉर्डर कारखान्यातच ठेवावा, फक्त तो चोराच्या हाती लागणार नाही अशा जागी, आणि गेटच्या एका कॅमेऱ्याची प्रत हवी तर वर पाठवावी.

टॅलीपाशी मात्र थांबून विचार करावा लागतो. अनेकांच्या परवान्यात टॅली ज्या पद्धतीने चालते त्यात डेटा एका संगणकावरच्या फोल्डरमध्ये असतो आणि बाकीचे संगणक कार्यालयातल्या नेटवर्कवरून तो वाचतात-लिहितात. हे नेटवर्क तारेचे आणि जवळचे असल्यामुळे वेग मिळतो. तोच फोल्डर व्हीपीएनवरून (इंटरनेटमधून कार्यालयाच्या नेटवर्कशी होणाऱ्या सुरक्षित जोडणीवरून) घरून उघडला तर टॅली रांगते, कारण प्रत्येक लहान वाचनासाठी इंटरनेटवरून फेरी मारावी लागते. यावर उपाय म्हणून काही जण टॅलीचा डेटा गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि दोन ठिकाणांहून उघडतात. हे कधीही करू नये. दोन्हीकडे एकाच वेळी बदल झाले की त्या सेवा फाइलींच्या दोन प्रती करतात आणि डेटा बिघडतो, तोही लगेच न कळता. बंद केलेल्या कंपनीच्या बॅकअपची प्रत अशा फोल्डरमध्ये ठेवायला हरकत नाही. चालू डेटा नव्हे.

टॅली क्लाउडवर नेणे म्हणजे प्रत्यक्षात एक विंडोज सर्व्हर भाड्याने घेणे, टॅली आणि डेटा दोन्ही तिथे ठेवणे आणि सर्वांनी रिमोट डेस्कटॉपने त्या सर्व्हरवर बसणे. असे केले की फक्त पडद्याचे चित्र इंटरनेटवरून येते आणि वेग चांगला मिळतो. सनदी लेखापालाला थेट प्रवेश देता येतो आणि गुरुवारचा प्रश्न सुटतो. किंमत म्हणून रिमोट डेस्कटॉपचे परवाने, टॅलीचा परवाना जुन्या यंत्रावरून सोडून नव्या यंत्रावर चालू करणे, आणि वर सांगितलेले प्रिंटर व टोकनचे प्रश्न पदरात येतात. माझा निकष असा : दोनपेक्षा जास्त माणसे नियमितपणे कार्यालयाबाहेरून टॅलीत काम करत असतील, किंवा शाखा दोन असतील, तरच हा बदल करावा. सगळे एकाच छताखाली बसत असतील तर टॅली कार्यालयातच चांगली.

ड्रॉइंगचे उत्तर बहुतेक वेळा कार्यालयातच येते. त्रिमितीय जोडणीची एक फाइल उघडताना तिच्यात संदर्भ दिलेले शेकडो सुट्या भागांचे नमुने एकामागून एक उघडले जातात. इथे अडथळा वेगाचा नसून प्रत्येक फेरीला लागणाऱ्या वेळाचा असतो, त्यामुळे इंटरनेटचा मोठा पॅक घेऊनही फारसा फरक पडत नाही. ड्रॉइंग कार्यालयातल्या एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या, सर्वांनी वापरायच्या साठ्याच्या पेटीवर) किंवा सर्व्हरवर ठेवावीत आणि रोज रात्री फक्त बदललेल्या फाइली क्लाउडवर पाठवाव्यात. ग्राहकाने आपली ड्रॉइंग बाहेर न ठेवण्याची अट करारात घातली असेल, तर ती वाचल्याशिवाय हेही करू नये. वाहन उद्योगातल्या मोठ्या ग्राहकांच्या गोपनीयता करारांत अशी कलमे असतात आणि ती सही करताना कोणी पाहत नाही.

पगार, हजेरी आणि विक्री पाठपुरावा यांसाठी ब्राउझरमध्ये चालणारी तयार सॉफ्टवेअरे माणशी भाड्याने मिळतात. इथे क्लाउडचा खरा फायदा आहे, कारण आपण सर्व्हर भाड्याने घेत नाही, काम भाड्याने घेतो आणि अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी त्या कंपनीची असते.

पायरी ५ : पाच वर्षांचा हिशेब

खाली दिलेले आकडे पद्धत समजावी म्हणून गृहीत धरलेले आहेत. त्यांच्या जागी आपल्या कोटेशनमधले आकडे घालावेत. जीएसटी दोन्हीकडे १८ टक्के लागतो आणि नियमित नोंदणी असेल तर त्याची वजावट मिळते, म्हणून तो बाहेर ठेवला आहे. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना ही वजावट मिळत नाही, म्हणून त्यांनी तो खर्चात धरावा.

कार्यालयातल्या सर्व्हरसाठी : सर्व्हर २,१०,०००, यूपीएस ४५,०००, बॅकअपसाठी एनएएस ५०,०००, फायरवॉल ४०,००० आणि विंडोजचे सर्व्हर व वापरकर्ता परवाने १,१५,०००. ही सुरुवातीची रक्कम ४,६०,००० रुपये झाली, आणि बहुतेक तुलना इथेच थांबतात. पुढे चालू. बॅटऱ्या एकदा बदलण्याचे २०,०००, वॉरंटी संपल्यानंतरच्या दोन वर्षांसाठी ४०,०००. विजेचा हिशेब सोपा आहे : सर्व्हर, स्विच आणि फायरवॉल मिळून सरासरी २५० वॉट म्हणजे दिवसाला ६ युनिट, वर्षाला २,१९० युनिट, १० रुपये दराने वर्षाला २१,९०० आणि पाच वर्षांत १,०९,५००. खोली थंड ठेवण्याचे आणखी ५५,०००. तंत्रज्ञ महिना ५,००० प्रमाणे ३,००,०००, आणि बाहेरच्या बॅकअपचे महिना १,००० प्रमाणे ६०,०००. सर्व मिळून १०,४४,५०० रुपये, म्हणजे महिना सुमारे १७,४००. चार लाख साठ हजारांची वस्तू पाच वर्षांत तिच्या दुपटीहून अधिक किमतीला पडते.

आता तोच सर्व्हर जसाच्या तसा क्लाउडवर. सर्व्हर व डिस्कचे भाडे महिना १४,०००, रिमोट डेस्कटॉप परवाने ५,०००, बॅकअप २,५००, तंत्रज्ञ ३,०००, कार्यालयात तरीही लागणाऱ्या राउटर-फायरवॉलचे मासिक १,५००. एकूण २६,०००, आणि पाच वर्षांत १५,६०,०००. दुसरी इंटरनेट जोडणी दोन्हीकडे समान असल्याने धरलेली नाही.

चोवीस तास चालणारा सर्व्हर जसाच्या तसा उचलून क्लाउडवर ठेवणे हा लहान व्यवसायासाठी बहुधा सर्वांत महाग मार्ग असतो. तो स्वस्त करण्याचे दोन उपाय आहेत. काम दिवसाला दहा तास आणि महिन्याला सव्वीस दिवस चालत असेल तर ७२० पैकी २६० तासच सर्व्हर लागतो. तो रात्री बंद ठेवला तर संगणनाचे भाडे जवळपास ३६ टक्क्यांवर येते, डिस्कचे भाडे मात्र पूर्ण लागते. किंवा एक ते तीन वर्षांची बांधिलकी देऊन सवलत घ्यावी, पण मग सहसा मध्येच सोडता येत नाही आणि रात्री बंद ठेवण्याचा फायदाही उरत नाही. दोन्ही उपायांपेक्षा चांगला मार्ग म्हणजे ईमेल, पगार, हजेरी ही कामे तयार सेवांकडे देऊन सर्व्हरचे काम इतके कमी करणे, की उरलेल्या टॅली आणि ड्रॉइंगसाठी निम्म्या किमतीचा सर्व्हर पुरावा. आपल्या नमुन्यातल्या कारखान्याला मी हेच सुचवेन.

बेसकॅम्प हे कामांच्या नियोजनाचे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या ३७सिग्नल्स या अमेरिकी कंपनीने २०२२ मध्ये क्लाउड सोडण्याचे जाहीर केले आणि त्याचे दाखले आपल्याकडेही दिले जातात. त्या कंपनीचे वर्षाचे क्लाउड बिल ३२ लाख डॉलर होते आणि सर्व्हर सांभाळणारी माणसे तिच्याकडे आधीपासून होती. चौदा संगणकांच्या कार्यालयाने त्या उदाहरणातून कोणत्याही बाजूचा धडा घेऊ नये.

करांच्या बाजूने एवढे पाहावे की विकत घेतलेल्या सर्व्हरवर आयकराच्या नियमांप्रमाणे दरवर्षी ४० टक्के दराने घसारा मिळतो, तर क्लाउडचे भाडे त्याच वर्षीचा खर्च म्हणून जाते. रोख रकमेची ओढाताण असलेल्या वर्षात हा फरक जाणवतो.

पायरी ६ : कायद्याची चाळणी

कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांसाठी दोन गोष्टी अनिवार्य आहेत. हिशेबाची पुस्तके इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतील तर त्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर रोज घेतला गेला पाहिजे. आधी “ठरावीक कालाने” असलेला हा नियम ऑगस्ट २०२२ मधल्या दुरुस्तीने “रोज” असा झाला. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची न पुसता येणारी नोंद राहिली पाहिजे. पुस्तके क्लाउडवर असतील तर सेवा देणाऱ्याचे नाव व ठिकाण दरवर्षी निबंधकांना कळवावे लागते. भारतातले केंद्र निवडणे आता कठीण नाही : ॲमेझॉनची केंद्रे मुंबई आणि हैदराबादला, मायक्रोसॉफ्टची पुणे, मुंबई व चेन्नईला, गूगलची मुंबई व दिल्लीला आहेत. पण सर्व्हर तयार करताना ते केंद्र आपण निवडावे लागते, आणि बॅकअपचे केंद्र वेगळे निवडावे लागते.

हिशेब किती वर्षे ठेवायचे हेही साठ्याच्या खर्चात धरावे. कंपनी कायद्याप्रमाणे आठ आर्थिक वर्षे आणि जीएसटीप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने.

सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. डेटा क्लाउडवर ठेवला म्हणून २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखालची जबाबदारी क्लाउड कंपनीकडे जात नाही. कामगारांच्या आधार आणि बँक तपशिलांसाठी उत्तरदायी कारखानाच राहतो.

पायरी ७ : बॅकअप, दोन्ही पर्यायांत

सर्व्हरमध्ये एकमेकींची नक्कल करणाऱ्या दोन डिस्क आहेत म्हणून बॅकअप आहे, असे समजू नये. एक डिस्क बिघडली तर त्या वाचवतात. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच क्षणी पुसली जाते, आणि रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम, दोन्हींना कुलूप घालते. क्लाउडलाही हाच नियम आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक इमारत पूर्ण जळाली. ज्या ग्राहकांनी वेगळ्या ठिकाणी बॅकअप ठेवला नव्हता त्यांचा डेटा परत आला नाही. तयार सेवांमध्ये पुसलेल्या फाइलींना मुदत असते : गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस, मायक्रोसॉफ्टच्या व्यावसायिक वनड्राइव्हमध्ये ९३ दिवस. नोकरी सोडून गेलेल्या माणसाने जाताना काय पुसले हे सहसा त्यानंतर कळते.

जुना नियम अजूनही चालतो : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक आवाराबाहेर. त्यात एवढी भर घालावी की किमान एक प्रत अशी असावी जी सर्व्हरच्या पासवर्डने पुसता येणार नाही. कार्यालयात त्यासाठी आठवड्याला जोडून काढून ठेवायची हार्ड डिस्क पुरते. क्लाउडवर ठरावीक दिवस बदलता न येणारा साठा मिळतो. दर तीन महिन्यांनी एक बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा, टॅलीची कंपनी सुरू करून कालची शेवटची व्हाउचर आहे का हे बघावे आणि त्याला किती वेळ लागला तो पायरी २ च्या आकड्याशेजारी लिहावा.

घरून प्रवेश हवा म्हणून राउटरमधून रिमोट डेस्कटॉपचे दार थेट इंटरनेटला उघडून देण्याची सोय काही तंत्रज्ञ पाच मिनिटांत करून देतात. रॅन्समवेअर शिरण्याचा तो एक नेहमीचा मार्ग आहे. प्रवेश व्हीपीएनमधूनच असावा आणि दुसऱ्या टप्प्याच्या ओळख तपासणीसह असावा.

पायरी ८ : सही करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

क्लाउडचे खाते कोणाच्या ईमेलवर उघडले आहे? विक्रेत्याने सोयीसाठी ते स्वतःच्या ईमेलवर उघडले असेल तर सर्व्हर, डेटा आणि कधीकधी डोमेनही त्याच्या ताब्यात असते, आणि वाद झाला की ते सोडवून घेणे फार जड जाते. मुख्य खाते कंपनीच्या अशा ईमेलवर असावे जो एका कर्मचाऱ्याच्या नावाचा नाही, आणि विक्रेत्याला मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते द्यावे.

बिल रुपयांत आहे की डॉलरमध्ये, आणि डेटा बाहेर काढताना प्रति जीबी किती लागतात, हे लेखी घ्यावे. आत टाकणे बहुधा फुकट असते. खर्चाची मर्यादा लावली तर अनेक सेवांमध्ये फक्त सूचना येते, सेवा थांबत नाही, हेही तपासावे. तयार सॉफ्टवेअरबाबत एकच मागणी करावी : चाचणीच्या काळातच सगळा डेटा एकदा बाहेर काढून दाखवा. फक्त ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये निघते आणि व्यवहार निघत नाहीत असे दिसले, तर ते सॉफ्टवेअर घेऊ नये.

सर्व्हरच्या विक्रेत्याला विचारायचे ते वेगळे. वॉरंटी जागेवर येऊन आहे का, आणि “पुढील कामकाजाचा दिवस” हे वचन आपल्या पिनकोडला लागू आहे का? सुटा भाग मुंबईहून येणार असेल तर शुक्रवारी दुपारी बिघडलेला सर्व्हर मंगळवारी सुरू होतो.

पायरी ९ : स्थलांतर

मार्च महिन्यात आणि सप्टेंबरच्या अखेरीस, कर लेखापरीक्षणाच्या दिवसांत, काहीही हलवू नये. महिन्याच्या ११ आणि २० तारखांना विवरणपत्रे असतात, म्हणून २० नंतरचा शनिवार सोयीचा. आधी ईमेल, मग हजेरी व पगार, आणि सर्वांत शेवटी हिशेब असा क्रम ठेवावा, म्हणजे लोकांना सवय होईपर्यंत धोक्याचे काम जागेवर राहते. पगाराचे नवे आणि जुने दोन्ही हिशेब एक महिना समांतर चालवून आकडे जुळतात का हे पाहावे. टॅलीचा डेटा हलवल्यावर तेरीज (ट्रायल बॅलन्स), येणी-देणी आणि साठा यांची बेरीज दोन्हीकडे छापून लेखापालाची त्यावर सही घ्यावी.

जुना सर्व्हर नंतरचे तीन महिने नेटवर्कपासून तोडून, फक्त वाचण्यापुरता, चालू स्थितीत ठेवावा. त्यानंतर त्याच्या डिस्क बाहेर काढाव्यात. फॉरमॅट केलेल्या डिस्कवरून डेटा परत काढता येतो, त्यामुळे त्या पूर्णपणे पुसणाऱ्या साधनाने पुसाव्यात किंवा ड्रिलने भोक पाडून निकामी कराव्यात. मशीन शॉपमध्ये ड्रिल शोधावा लागत नाही. उरलेला सांगाडा भंगारवाल्याला न देता २०२२ च्या ई-कचरा नियमांखाली नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडे द्यावा, त्यांच्याकडून पावती घ्यावी आणि डिस्कच्या अनुक्रमांकांची नोंद त्या पावतीबरोबर फाइलला लावून ठेवावी.